दोनशे पंचावन्नच्या पुढे

माझा स्वभाव भित्रा आहे आणि त्याचाच मला पगार मिळतो. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासायचं माझं काम. एखादा प्रोग्रॅम हातात आला की तो कुठे घसरेल याची भीती आधी पोटात उमटते, मग मी ती जागा शोधून काढते. घरातही तेच. दूधवाला बदलला की पहिले चार दिवस मी दूध हुंगून बघते. सिलिंडर आला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघते. नगरला सावेडीतल्या आमच्या फ्लॅटच्या दाराला दोन कड्या पुरेशा होत्या, मी तिसरी बसवून घेतली. नवरा म्हणतो, "देवदूत आला तरी तू आधी त्याचं आधार कार्ड मागशील." मागेन. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही.

माझं बहुतेक काम जावास्क्रिप्टमध्ये. ही भाषा फार भिडस्त आहे. काहीही हातात ठेवा, ती नको म्हणत नाही. घेते आणि आपल्या परीने निभावून नेते, आणि काय निभावलं ते तुम्हाला सांगत नाही. तिच्यातला साधा ॲरे, म्हणजे माहिती ओळीने ठेवायची जागा, माझ्या आईच्या पिशवीसारखा असतो. चष्मा, कोथिंबीर, बायबल, सुटे पैसे, सगळं एकत्र. टाइप्ड ॲरे म्हणजे मात्र अंड्यांचा ट्रे. सगळे खळगे एका मापाचे. आठ बिटांच्या ट्रेमधल्या खळग्यात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा आकडा मावतो. सोळा बिटांच्या ट्रेमध्ये हजारांचे आकडेही आरामात बसतात. लहान ट्रेमध्ये तुम्ही दोनशे छप्पन्न ठेवायला गेलात तर काहीच फुटत नाही, कुठे लाल अक्षरं येत नाहीत. घड्याळात बारानंतर एक वाजतो तसा तो आकडा परत शून्यापासून सुरू होतो. तीनशे ठेवलेत तर चव्वेचाळीस मिळतात, आणि ते चव्वेचाळीस इतके साळसूद दिसतात की कुणाला संशय येऊ नये.

म्हणून समोर आलेली वस्तू टाइप्ड ॲरे आहे का, एवढंच विचारून भागत नाही. कुठला टाइप्ड ॲरे, हेही विचारावं लागतं. नव्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती माना डोलावतात आणि पहिलाच प्रश्न विचारून थांबतात. माझ्या धाकट्या भावानेही तेच केलं.

भाऊ पुण्यात असतो, प्रोग्रॅम लिहितो. आई आणि पप्पा नेवाशाच्या अलीकडे आमच्या गावी, दोघंच. पप्पा निवृत्त शिक्षक. घर चर्चच्या अगदी जवळ, इतकं की घंटा झाली की आमच्या भांड्यांना कंप सुटतो. पप्पांना वीस वर्षांपासून शुगर आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या दंडावर एक गोल चकती चिकटवून दिली. ती दर पाच मिनिटांनी शुगर मोजते आणि फोनवर पाठवते. चकतीसोबत जे ॲप आलं त्यात बारीक इंग्रजी अक्षरं होती. आईने दोन दिवस चष्मा वर-खाली केला आणि फोन उशीखाली ठेवून दिला.

तेव्हा भावाने शनिवार-रविवार बसून तिच्यासाठी फोनवर उघडेल असं एक पान तयार केलं. ठसठशीत मराठी आकडा, ठीक असेल तर हिरवा, वाईट असेल तर लाल. तोच आकडा मला सावेडीत आणि त्याला पुण्यात दिसायचा. आईला त्या पानाचं कोण कौतुक! चर्चमधल्या प्रत्येक बाईला तिने ते दाखवलं. "माझ्या लेकानं केलंय," म्हणायची.

मी ते पान तपासलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तपासलं. भावाला फोन करून विचारलं, "आकडे कशात ठेवतोस?"

"टाइप्ड ॲरेत. आणि तू विचारायच्या आधीच सांगतो, तपासणी टाकलीय. टाइप्ड ॲरे नसेल तर आकडा दिसतच नाही."

"कुठला टाइप्ड?"

"ताई, पप्पांची शुगर कधी अडीचशेच्या वर गेलीय का? मला जेवू दे आता."

गेली नव्हती, हे खरं होतं. पप्पा पथ्याचे पक्के. लग्नात जिलेबीच्या ताटाकडे बघतसुद्धा नाहीत. मी फोन ठेवला, पण ते मनात राहिलंच. ईस्टरला तो घरी येईल तेव्हा लॅपटॉपसकट त्याला समोर बसवायचं, असं मी ठरवून टाकलं.

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी मी पप्पांना नगरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत त्यांना गुडघे टेकायचे होते आणि उजवा गुडघा वाकत नव्हता. मी म्हटलं, बसून प्रार्थना केली तर देव रागावणार आहे का? ते फक्त हसले. डॉक्टरांनी गुडघ्यात इंजेक्शन दिलं. "यात स्टिरॉइड आहे. चार-सहा दिवस शुगर वाढेल, लक्ष ठेवा," असं मला बजावलं. मी ते आईला बजावलं. आई म्हणाली, "लक्ष काय ठेवायचंय, आकडा समोर दिसतोच की."

उत्तम शुक्रवारी आमच्याकडे सगळे उपास करतात. भर दुपारी तीन तास उपासना चालते. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं, मधून मधून गाणी. पांढरे कपडे घालून लोक बसतात, कुणी उठत नाही, पाणी पीत नाही. मी नगरच्या चर्चमध्ये होते, नवरा पुढे गायनमंडळात. फोन पर्समध्ये होता, आवाज बंद करून. दुसरं प्रवचन संपत आलं आणि तो मांडीवर थरथरला.

पर्स थोडी उघडून मी बघितलं. लाल आकडा. चव्वेचाळीस.

सत्तरच्या खाली म्हणजे धोका, चव्वेचाळीस म्हणजे माणूस केव्हाही बेशुद्ध पडेल. उपाशी म्हातारा माणूस, उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचं चर्च. मी आईला कळवायला जाणार तोच तिचाच आवाजी निरोप आलेला दिसला. ओढणीआड फोन कानाला लावला. आई कुजबुजत होती, "चव्वेचाळीस झाली गं. ग्लुकोजचं पानी दिलं यांना. घाबरू नकोस."

बरोबर केलं होतं तिने. सत्तरच्या खाली गेली की ग्लुकोजचं पाणी, हे आम्हीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. आमच्या गावच्या चर्चमध्ये बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. म्हणजे ती सगळ्यांच्या देखत मधली वाट ओलांडून गेली असणार. मला तिचा फार अभिमान वाटला. मी तशीच आकड्याकडे बघत बसले. अठ्ठावन्न झाले. चौऱ्याहत्तर झाले, आकडा हिरवा झाला. तिसरं प्रवचन कशावर होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मग नव्वद. आईचा दुसरा निरोप आला, "नव्वद झाली. देवाची दया."

मी रडले. पांढऱ्या ओढणीने डोळे पुसले. शेजारच्या बाईला वाटलं प्रवचनाने पाझर फुटला, तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आणि तो हात पाठीवर असतानाच मला डॉक्टर आठवले. शुगर वाढेल, म्हणाले होते. मग उतरली का?

उपासामुळे, असं मी स्वतःला सांगितलं. कुणीही तेच म्हणालं असतं. पण भीतीचं असं असतं की एकदा तिने पदर धरला की ती समजूत घालून सोडत नाही. मी उठले. उत्तम शुक्रवारी मधूनच उठणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात ते मला माहीत होतं. बाहेर येऊन चर्चच्या पायरीवर बसले, दगड तापून चटका देत होता, आणि पानावरचे मागचे सगळे आकडे उघडले.

सकाळी बघितली तेव्हा शुगर ठीक होती; नंतर ती चढतच गेली होती, आणि फोन थरथरतो तो शुगर उतरली तरच. दोनशे अडतीस. दोनशे सत्तेचाळीस. दोनशे त्रेपन्न. त्याच्या पुढच्याच ओळीला तीन. मग अकरा, मग एकोणीस, मग एकतीस, मग चव्वेचाळीस. चाळीसच्या खालचे आकडे भावाने मोठ्या अक्षरात दाखवायचे नाहीत असं ठरवलं होतं. चकती चाळीसच्या खाली मोजतच नाही, म्हणून. तेवढा वेळ आईला पानावर नुसती रेघ दिसली असणार.

पाच मिनिटांत दोनशे त्रेपन्नची तीन होत नाही. माणसाचं रक्त असं कड्यावरून उडी मारत नाही. मी पायरीवर बसून प्रत्येक आकड्यात दोनशे छप्पन्न मिळवत गेले. तीनाचे दोनशे एकोणसाठ झाले. चव्वेचाळीसचे तीनशे. हिरव्यागार नव्वदचे तीनशे शेहेचाळीस. आकडे एकसारखे वर चढत गेले, कुठेही न तुटता.

म्हणजे आईने तीनशेवर ग्लुकोज पाजलं होतं.

आईचा फोन लागला नाही. नव्वद बघून तिने तो बंद करून टाकला असणार, निश्चिंत मनाने. मी भावाला लावला. तो पुण्यात, घरीच होता.

"आकडे कुठल्या ॲरेत ठेवलेस?"

"ताई, परत? टाइप्ड आहे, तपासलंय..."

"कुठला? आठ बिटांचा की सोळा?"

कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग म्हणाला, "येतात सोळाचे. दाखवायच्या आधी मी आठच्यात भरतो." आणि मग अगदी लहानपणीच्या आवाजात, "ताई, काय झालं?"

मी सांगितलं. "निघ," म्हणून मी फोन ठेवला. त्याला रागवायलाही मला वेळ नव्हता.

गावात आमच्या शेजारी एक शेतकरी कुटुंब राहतं. त्यांच्या घरच्या काकूंशी आईचं चाळीस वर्षांचं सख्य. काकू चर्चच्या नव्हेत, म्हणजे घरी असणार. त्यांनी फोन उचलला.

"काकू, चर्चमध्ये जाऊन आईला बाहेर बोलवा."

"आता गं बाई! समदी गप बसल्यात आत. पाळकसाहेब बोलत्यात. मी मधीच कशी जाऊ?"

"जा काकू. पप्पांचं जास्त झालंय आणि तिला ठाऊक नाही."

"व्हय? जाते, जाते. फोन चालूच ठिवते."

तोवर नवरा गायनमंडळातून उठून बाहेर आला होता. माझा चेहरा बघून त्याने गाडी काढली. आम्ही संभाजीनगर रस्त्याला लागलो. माझ्या कानाशी काकूंच्या चपलांची फटफट, मग चपला काढल्याची शांतता, मग प्रवचन देणाऱ्या पाळकसाहेबांचा लांबून येणारा आवाज. काकू कुणाला तरी "सरका वाईच" म्हणाल्या. आवाज थांबला. अख्खं चर्च मागे वळून बघतंय हे मला इमामपूरच्या घाटात दिसत होतं.

"काय गं?" बाहेर येऊन आई म्हणाली. "बरी हाय तब्येत यांची. नव्वद झालीय."

"आई, नव्वद नाही ते. साडेतीनशे आहे."

"काहीतरीच. मी बघितलं ना. पान्यानं हळूहळू वाढली. अजून अर्धी बाटली हाय, तेवढी पाजते, म्हंजी शंभराच्या वर जाईल."

"पाजू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की नवऱ्याने ब्रेक दाबला.

"वरडू नकोस. उपासना चालू हाय."

मला समजावता येईना. अंड्यांचा ट्रे, घड्याळ, आठ बिट, सगळं माझ्या तोंडात गोळा झालं आणि बाहेर काहीच येईना. तिच्या लेकाने केलेलं पान तिला खोटं सांगतंय, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? मी एवढंच विचारलं, "सकाळी इन्शुलिन घेतलं त्यांनी?"

"न्हाई. उपास ना. पोटात काही न्हाई तर सुई कशाला, म्हनले."

"आई, बोटाला टोचून बघायचं जुनं मशीन आण. आत्ता. माझ्यासाठी आण."

ती पप्पांना बाहेर बोलवायला गेली आणि ते येईनात. सातवा उद्गार झाल्याशिवाय उठणार नाही, म्हणाले. मशीन काकूंनीच पळत जाऊन आणलं, फळीवरच्या डब्यातून. मग आईने चर्चमध्येच, पुरुषांच्या बाजूला, पप्पांच्या बोटाला टोचलं. पाळकसाहेब पाचव्या उद्गारावर बोलत होते. पाचवा उद्गार तहानेचा आहे. काकूंच्या हातातल्या फोनवरून मला त्यांचे शब्द तुटक तुटक ऐकू येत होते आणि गाडी पांढरीच्या पुलापाशी ट्रकमागे अडकली होती. दुसऱ्या दिवशी शनिवार, त्यामुळे शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागलेली. मी ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं परत परत वाचत होते आणि एकही कळत नव्हतं.

"तीनशे अडुसष्ट," आईचा आवाज आला. मग, "अगं, पण मी तर पानी दिलं. माझ्या हातानं दिलं."

तो आवाज मला आयुष्यात परत ऐकायचा नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पप्पा चर्चच्या व्हरांड्यात बाकावर पडले होते. एकदा उलटी झाली होती. डोळे उघडे होते, पण मी कोण ते ओळखायला त्यांना एक क्षण लागला, आणि त्या क्षणात मी काय काय कबूल केलं देवाजवळ, ते त्यालाच ठाऊक. सदऱ्यावर छातीपाशी पाण्याचे चिकट डाग होते. गाडीत आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. येताना त्याच रस्त्याने, त्याच गाड्यांमधून, फोनवर डॉक्टर सांगतील तसं करत आम्ही त्यांना नगरच्या दवाखान्यात आणलं. वडाळा मागे गेलं, घोडेगाव मागे गेलं. एकदा आईने बाटली उचलली, ग्लुकोजची तीच, खिडकीची काच खाली केली आणि सगळं पाणी रस्त्यावर ओतून दिलं.

दवाखान्यात सलाइन आणि इन्शुलिन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अजून अर्धी बाटली गेली असती आणि तुम्ही हिरवा आकडा बघत संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर, एवढं म्हणून ते पुढे बोलले नाहीत. मला पुढचं ऐकायचंही नव्हतं. मी स्वतःच ते ऐकत होते, सारखं.

भाऊ आला. येऊन आईच्या पायाशी जमिनीवरच बसला. "आई, चूक माझी आहे."

"तू पुन्यात हुतास," आई म्हणाली. "पानी मी दिलं."

मला दोघांचाही राग आला. दोघं आपापल्या वाट्याला अपराध ओढून घेत होते आणि आत पप्पांच्या हाताला सुया होत्या. मी भावाला उठवलं, बाहेरच्या बाकावर बसवलं आणि लॅपटॉप उघडायला सांगितलं. ईस्टरला करायचं म्हणून ठरवलेलं काम आम्ही त्या दवाखान्याच्या बाकावर, फिनेलच्या वासात केलं. आकडा दाखवण्याआधी पान आता विचारतं की हा ॲरे आहे तरी कुठला. सोळा बिटांचा असेल तरच पुढे जायचं. आठचा निघाला, आणखी कुठला निघाला, काहीच कळलं नाही, तर आकडा दाखवायचाच नाही. भावाने विचारलं, मग काय दाखवायचं? मी म्हटलं, माहीत नाही. त्याला वाटलं मला सुचत नाही. मी म्हटलं, तेच लिही. मोठ्या मराठी अक्षरात, 'माहीत नाही'.

मग मी एकेक आकडा घालून बघितला. दोनशे पंचावन्न. दोनशे छप्पन्न. तीनशे. चारशे. प्रत्येक वेळी घातलेला आकडाच बाहेर आला. तरी मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरच्या सकाळी, पप्पा उशीला टेकून बसले होते. शुगर उतरली होती, आवाज परत आला होता. आई नळावर तोंड धुवायला गेली, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुझ्या भावाला फार बोलू नकोस," ते म्हणाले.

"नाही बोलले."

"मला कळत होतं गं."

"काय कळत होतं?"

"शुगर उतरली की मला घाम फुटतो. हातपाय थरथरतात. वीस वर्षं अंगावर काढलंय, मला कळत नाही का? त्या दिवशी घामाचा टिपूस नव्हता. नुसती तहान. जीभ टाळ्याला चिकटली होती. चढलीय हे मला कळलं होतं."

"मग प्यायलात कशाला?"

"ती सगळ्यांसमोरून उठून आली. एरवी चर्चमध्ये माझ्याकडे मान वळवून बघतसुद्धा नाही, ती आली. हात इतका कापत होता तिचा, निम्मं पाणी माझ्या सदऱ्यावर. मी नको म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, यांची शुद्ध चाललीय. आणखी घाबरली असती."

"पप्पा, तुम्ही मेला असतात."

"हो," ते म्हणाले, जणू मी त्यांना बाहेर ऊन आहे असं सांगितलं होतं. "पण ती फार घाबरली होती गं."

मला त्या माणसाचा इतका राग आला की मी उठून खिडकीशी गेले. खाली रिक्षावाले गिऱ्हाइकांसाठी भांडत होते. मी आयुष्यभर यंत्रांना भ्याले. यंत्र चुकतं, ते शोधता येतं, दुरुस्त करून तीनदा तपासता येतं. बायको घाबरू नये म्हणून तीनशे शुगर असताना ग्लुकोज पिणारा नवरा कसा तपासायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि हा माणूस घरी परत त्या दोघांच्याच घरात राहायला जाणार होता.

आता रोज सकाळी आईचा फोन येतो. मी ओट्याशी चहा टाकत असते. पान तिच्या हातात, तेच माझ्या हातात. तरी ती विचारते.

कालही विचारलं. "एकशे बारा दाखवतंय. खरं हाय ना?"

माझ्याकडेही एकशे बारा. हिरवं. पान बरोबर आहे, मी शंभरदा तपासलंय. "खरं असावं," मी म्हटलं. "त्यांना विचार, घाम आलाय का, तहान लागलीय का."

मागून पप्पांचा आवाज आला, "ठणठणीत आहे म्हणावं तिला!"

तीनशे अडुसष्टलाही ते असंच म्हणाले असते, याच आवाजात.

आई खोलीतून बाहेर आली असावी, कारण कोंबड्यांचा आवाज जवळ आला. फोन तोंडापाशी धरून ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी बाटली तोंडाला लावताना पन ते असंच हसले हुते. मला दिसलं हुतं गं. यांना हे नकोय, हे मला दिसलं हुतं, तरी मी आकड्याकडं बघून पाजलं. म्हनून रोज तुला विचारते."

चहा उतू गेला, मी गॅस बंद केला.

"आई, बोटाला टोच त्यांच्या," मी म्हटलं. आत पप्पा कुरकुरले, डबा उघडल्याचा आवाज आला, आणि ती आकडा सांगेपर्यंत मी ओटा घट्ट धरून उभी राहिले.